लेकीच्या नावाचा ईमेल आत्ताच घेऊन ठेवावा का, आणि कुठे?

कऱ्हाडची_लेक:

नमस्कार सगळ्यांना, बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा काही विचारतेय. माझी मुलगी पाच महिन्यांची झाली. बारशाला तिच्या आत्याने नाव ठेवलं, ते नाव इथे लिहीत नाही पण त्यात ज्ञ आहे एवढं सांगते कारण अर्धा घोळ तिथेच आहे. मला तिच्या नावाचा एक ईमेल पत्ता आत्ताच घेऊन ठेवायचाय, म्हणजे ती मोठी झाल्यावर तिला स्वच्छ पत्ता मिळेल, मागे आकडे नकोत, आणि तोपर्यंत तो कुणाला माहीतही नसावा, कुठल्या जाहिरातवाल्याच्या यादीत गेलेला नसावा.

हे डोक्यात आलं ते माझ्या स्वतःच्या पत्त्यामुळे. २००९ ला एफवायला असताना कॉलेजच्या लॅबमध्ये काढला, नाव-आडनाव आधीच कुणीतरी घेतलेलं म्हणून मागे रोल नंबर लावला. पुढे लग्न झालं, आडनाव बदललं, पत्त्यात मात्र माहेरचं आडनाव आणि तो रोल नंबर तसाच राहिला, आणि बँक, पीएफ, डीमॅट सगळीकडे तोच दिलेला असल्यामुळे आता बदलायचं म्हटलं तर महिनाभराचं काम आहे.

काल रात्री ती झोपल्यावर जीमेल उघडून बसले. नाव आणि आडनाव जोडून टाकलं, गेलेलं. ज्ञ साठी डी-एन-वाय घालून सगळे प्रकार करून बघितले, गेलेले. जी-वाय घातलं तर मोकळं आहे, पण आपल्याकडे ज्ञ असा कुणी लिहीत नाही आणि तिच्या जन्मदाखल्यावर डी-एन-वायच आहे. खाली जन्मतारीख विचारतात, खरी टाकली की आई-वडिलांचं अकाउंट जोडा म्हणतात. नवरा म्हणतो तुझी तारीख टाक आणि मोकळी हो, मला ते पटत नाहीये. भाऊ म्हणतो जीमेल नको, प्रोटॉन घे, तिथे कुणी मेल वाचत नाही. सासरे म्हणतात झोहो घ्या, आपली भारतीय कंपनी आहे, ऑक्टोबर २०२५ मध्ये अमित शहांनी आपला मेल झोहोवर नेल्याचं जाहीर केलं तेव्हापासून ते सगळ्यांना हेच सांगतात. तिघांचंही ऐकून मी आणखी गोंधळलेय.

आणि अजून एक, मला त्या पत्त्यावर तिला पत्रं लिहायचीत. रोज नाही जमणार, पण अधूनमधून. कुणी असं केलंय का, पंधरा-सोळा वर्षं ते टिकतं का?

दोन_मुलांचा_बाबा (नाशिक):

ताई, घ्या नक्की, पण घेणं हे पाच मिनिटांचं काम आहे, जिवंत ठेवणं हे खरं काम. माझा अनुभव सांगतो. मोठा मुलगा २०१६ चा. त्याच वर्षी हौसेने त्याच्या नावाचा पत्ता काढला, अगदी नाव-आडनाव, एकही आकडा नाही, इतका आनंद झाला होता की बायकोला ऑफिसात फोन करून सांगितलं. जन्मतारीख माझी टाकली. वर्ष-दीड वर्ष त्यावर फोटो पाठवले, मग धाकटी झाली, घर बदललं, राहून गेलं. मागच्या वर्षी त्याला शाळेच्या एका स्पर्धेसाठी पत्ता हवा होता म्हणून उघडायला गेलो तर असं अकाउंटच नाही. वापर नाही म्हणून त्यांनी काढून टाकलेलं. नोटीस आली असणार, पण ती त्याच पत्त्यावर आली असणार आणि रिकव्हरीला, म्हणजे अकाउंट अडकलं तर परत मिळवायला, मी जो पत्ता दिला होता तो माझ्या जुन्या नोकरीतला, तो नोकरी सोडल्या दिवशीच बंद झाला. कंपनीचं नाव घेत नाही, त्यांचा नियम लिहिलेला होता, मीच वाचला नव्हता. फोटो दुसरीकडे होते म्हणून वाचले, त्यांच्याखाली लिहिलेल्या चार-चार ओळी मात्र गेल्या त्या गेल्या.

तेव्हापासून मी हे नियम वाचून ठेवलेत. गुगलचं अकाउंट दोन वर्षं उघडलं नाही तर ते काढून टाकू शकतात, हे त्यांनी मे २०२३ मध्ये जाहीर केलं आणि डिसेंबर २०२३ पासून अंमलात आणलं. प्रोटॉनचं फुकटचं अकाउंट असेल तर मुदत बारा महिने. जर्मनीची टूटा नावाची एक तशीच सर्व्हिस आहे, तिथे फुकटवाल्याला सहाच महिने. म्हणजे भाऊ म्हणतो ते प्रोटॉन चांगलंच आहे पण तुम्ही एक वर्ष विसरलात तरी पत्ता हातातून जाऊ शकतो.

गुगलमध्ये एक बरं आहे की काढून टाकलेला जीमेल पत्ता ते दुसऱ्या कुणाला देत नाहीत. सगळे असं करत नाहीत. याहूने २०१३ मध्ये वर्षभर न वापरलेली नावं मोकळी करून नव्या लोकांना वाटली होती आणि त्या नव्या लोकांना जुन्या माणसांची मेल यायला लागली, त्यावर बराच ओरडा झाला होता. लेकीच्या नावाचा पत्ता दुसऱ्याच्या हातात जाण्यापेक्षा कायमचा गेलेला बरा.

आता मी काय करतो, तर दोघांच्या वाढदिवसाला औक्षण झालं, केक कापून झाला, पाहुणे गेले की लॅपटॉप काढतो, त्या अकाउंटमध्ये शिरतो, त्यांच्याच पत्त्यावर त्या दिवसाचा एक फोटो आणि चार ओळी पाठवतो आणि ते मेल उघडून बघतो. मग अकाउंट वापरात राहतं आणि पत्रही होतं. मुलगी आता स्वतः आठवण करून देते.

जन्मतारीख खरीच टाका. गुगलच्या फॅमिली लिंकमध्ये तेरा वर्षांखालच्या मुलाचं अकाउंट आई-बाबा रीतसर उघडू शकतात, पासवर्ड तुम्ही बदलू शकता, अकाउंट बंद करू शकता. खोटी तारीख टाकली तर ते अकाउंट मोठ्या माणसाचं समजलं जातं, त्याला जाहिराती मोठ्या माणसाच्या, यूट्यूब मोठ्या माणसाचं. आणि पुढे कधी ओळख पटवायची वेळ आली तर कागद एक सांगणार आणि अकाउंट दुसरं.

अ‍ॅडमिशन_खिडकी:

मी एका ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात आहे, दर वर्षी अकरावीचे ऑनलाइन फॉर्म आणि मग बारावीला सीईटी, जेईई, नीटचे फॉर्म, सगळी मुलं माझ्या खिडकीसमोरून जातात. त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा वाटला.

आमच्याकडच्या निम्म्या मुलांचा ईमेल त्यांचा नसतोच. दहावीच्या निकालाच्या दिवशी गावातल्या झेरॉक्सवाल्याने किंवा सायबरवाल्याने काढून दिलेला असतो, पासवर्ड त्याच्या वहीत, रिकव्हरीला नंबर त्याचा. दोन वर्षांनी मूल बारावीत जातं, तेव्हा सायबरवाल्याने दुकान बंद केलेलं असतं. एक मुलगी आली होती, हुशार, घडी घातलेल्या कागदावर पत्ता लिहून आणलेला, घडीवर नेमकं एक अक्षर पुसलेलं. ते अक्षर एन आहे का एम आहे यावर आम्ही तिघी जणी अर्धा तास बसलो होतो आणि बाहेर तिचे वडील रोजंदारी बुडवून उभे. म्हणून म्हणते ताई, तुम्ही पाचव्या महिन्यात विचार करताय हे लवकर नाहीये, चांगलं करताय.

आता दोन गोष्टी कामाच्या. पहिली म्हणजे पत्त्यात जन्मसाल अजिबात घालू नका, गुगल स्वतः सुचवेल नावापुढे साल, तरी नाही. कारण ई-आधारची पीडीएफ डाउनलोड केली की तिचा पासवर्ड काय असतो, नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. बऱ्याच बँकांच्या स्टेटमेंटलाही नाव आणि जन्मतारखेचीच अशी काहीतरी जोडणी असते. म्हणजे नाव-साल असा पत्ता असलेल्या मुलाची आधारची फाइल कुणाच्या हाती लागली तर किल्ली पत्त्यातच लिहिलेली आहे. मी हे पालकांना सांगते तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

दुसरं तुमच्या ज्ञ चं. जन्मदाखल्यावर जे स्पेलिंग आहे तेच सगळीकडे धरा, आधारवर, पुढे पासपोर्टवर, ईमेलमध्ये. ज्ञ, ऋ, दीर्घ ई, शेवटचा आ, या चार ठिकाणी आमच्या मुलांची नावं फाटतात, दाखल्यावर एक ए आणि आधारवर दोन, मग फॉर्मला नाव जुळत नाही. जी-वायवाला पत्ता मोकळा आहे म्हणून घेतलात तर ती जन्मभर लोकांना सांगत बसेल की माझं नाव असं आणि ईमेल तसा.

मग मोकळा पत्ता कुठून मिळणार, तर आडनाव सोडा. तुमची मुलगी १ मे २०२४ नंतरची आहे ना, मग महाराष्ट्राच्या नियमाने तिच्या नावात आधी तिचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम असणार. मग पत्ता तिचं नाव आणि तुमचं नाव असा का नाही? पाटील-जोशी-कुलकर्णी-शिंदे लावून लाखो पत्ते गेलेत, आईचं नाव लावून कुणी घेतलेले नाहीत. आणि उद्या तिने लग्नानंतर आडनाव बदललं नाही बदललं तरी आई बदलत नाही.

कऱ्हाडची_लेक:

अगं बाई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दाखल्यावर माझं नाव आहे, नगरपालिकेत हातात घेतला तेव्हा दोनदा वाचलं होतं. आत्ताच बघितलं, ते मोकळं आहे. घाई करत नाही, बाकीच्यांचं वाचते आधी.

सांगावंसं_वाटलं:

मी सहसा लिहीत नाही, पण पत्रांचं वाचलं आणि राहवलं नाही.

आमचा मुलगा जुलै २०१५ चा. ह्यांनी त्याच्या जन्माच्या आठवड्यातच त्याच्या नावाने ईमेल काढला होता आणि त्याला लिहायचे, मला माहीत होतं लिहितात म्हणून, पण काय लिहितात ते मी कधी विचारलं नाही, ते बाप-लेकाचं म्हणून सोडून दिलं. पासवर्डही विचारला नाही. मे २०२१ मध्ये हे गेले. त्या दिवसांत कुणाला ईमेलचं सुचणार. ह्यांचा फोन बंद पडून राहिला, रिचार्ज कुणी केला नाही, नंबर गेला. दीड-दोन वर्षांनी मुलगाच म्हणाला, बाबा मला मेल करायचे ना गं, ते कुठे आहेत.

उघडायला बसले तर पासवर्ड माहीत नाही, आणि कोड पाठवतो म्हणे शेवटी ४७ असलेल्या नंबरवर, म्हणजे ह्यांच्याच. तो नंबर लावून बघितला तर उचलला कुणीतरी. जालन्याकडचे एक गृहस्थ होते, त्यांना तो नंबर नवीन म्हणून मिळाला होता. बंद झालेला नंबर किमान नव्वद दिवस ठेवतात आणि मग दुसऱ्याला देतात हे मला तेव्हा कळलं. मी रडत रडतच सांगितलं त्यांना. ते म्हणाले ताई घाबरू नका, तुम्ही कोड मागवा, मी फोनवरच आहे. सहा आकडे त्यांनी दोनदा वाचून दाखवले. अकाउंट उघडलं.

एकसष्ट पत्रं होती. पहिलं चारच ओळींचं, आज पाऊस होता, हॉस्पिटलबाहेर रिक्षा मिळत नव्हती, तुझ्या आजीने छत्री तुझ्यावर धरली आणि आम्ही दोघं भिजलो, तू झोपलेला होतास. बस एवढंच. मी सगळी प्रिंट काढून स्पायरल करून घेतली. मुलगा एका वेळी एकच वाचतो, संपू नयेत म्हणून. अजून वीसेक राहिलीत.

तो माणूस देवासारखा भेटला म्हणून. दुसरा कुणी असता तर तोच नंबर वापरून त्यानेच माझ्या मुलाचं अकाउंट उघडलं असतं, हे मला नंतर कळलं आणि अंगावर काटा आला. म्हणून हात जोडून सांगते, पासवर्ड दोघांनाही माहीत असू द्या, रिकव्हरीला दोघांचेही नंबर आणि पत्ते द्या, नंबर बंद केला की त्याच दिवशी तिथून काढा. गुगलमध्ये इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर म्हणून एक सोय आहे, तीन महिन्यांपासून अठरा महिन्यांपर्यंत मुदत ठरवता येते, तेवढा वेळ अकाउंट वापरलं नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसांना ते कळवतात आणि तुम्ही म्हणाल तो डेटा देतात, दहा जणांपर्यंत नावं देता येतात. माझ्या स्वतःच्या अकाउंटला मी भावाचं आणि वहिनीचं दिलंय. टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागायची सोय, चालू केलं की फोन नसला तरी चालणारे दहा बॅकअप कोड मिळतात, ते कागदावर छापा. माझे मुलाच्या जन्मदाखल्याच्या फाइलमध्येच आहेत, मागच्या कप्प्यात.

मेलसर्व्हरवाला (पुणे):

वरचं वाचून थोडा वेळ काही लिहवेना. ताई, मुलाला आशीर्वाद.

मी गेली अठरा वर्षं कंपन्यांचे मेल सर्व्हर सांभाळतोय, तर धंद्याच्या बाजूने थोडं सांगतो. जीमेल काय, प्रोटॉन काय, झोहो काय, या सगळ्यांत पत्ता त्यांचा असतो, तुम्ही वापरता. पंधरा वर्षांचा विचार करताय तर हे लक्षात घ्या की जीमेल स्वतः १ एप्रिल २००४ ला आलं, त्याआधी आपल्याकडे सगळे रेडिफ, याहू आणि हॉटमेलवर होते आणि कुणाला वाटलं नव्हतं की ते सोडावं लागेल. तुमची मुलगी अठरा वर्षांची होईल तेव्हा काय असेल हे आज कुणी सांगू शकत नाही.

पत्ता खरंच तिचा हवा असेल तर स्वतःचं डोमेन घ्या, म्हणजे ईमेल पत्त्यात @ च्या पुढे येतं ते नाव. डॉट इन वर्षाला साधारण सात-आठशे ते हजार रुपये, एका वेळी दहा वर्षांपर्यंत भरता येतं. कुटुंबाच्या नावाचं एक डोमेन, त्यावर तिचा पत्ता, तुमचा, मिस्टरांचा. मग मेल कुठल्या कंपनीत ठेवायची ते तुम्ही ठरवा, सासऱ्यांच्या झोहोवर ठेवा, भावाच्या प्रोटॉनवर ठेवा, गुगलवर ठेवा, उद्या कंपनी आवडली नाही तर एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे मेल कुठे पोचवायची ते सांगणारी डोमेनची नोंद, बदलायचा आणि दुसरीकडे जायचं, पत्ता तोच. म्हणजे घरातल्या तिघांचंही म्हणणं राहतं. मी माझ्या भाचीसाठी हेच केलंय, एकदा कंपनी बदलली, तिच्या आईला कळलंही नाही.

पण डोमेनची जबाबदारी मोठी आहे हे नीट समजून घ्या. जीमेल विसरलात तर पत्ता मरतो. डोमेन विसरलात तर थोडे दिवस मुदत मिळते आणि मग ते बाजारात येतं, कुणीही घेतं, आणि तुमच्या मुलीच्या पत्त्यावर येणारं प्रत्येक मेल, बँकेचे पासवर्ड बदलायचे मेलसुद्धा, त्या माणसाला जातं. एका छोट्या फर्मचं असं झालेलं मी डोळ्यांनी बघितलंय. ऑटो-रिन्यूवर विसंबू नका, कार्डाची मुदत संपते आणि पैसे कापले जात नाहीत. गुढीपाडव्याला पंचांग आणता ना, तसं दर पाडव्याला डोमेनची तारीख बघायची असं ठरवून टाका. आणि ज्या अकाउंटमधून डोमेन घेतलं त्याला रिकव्हरी पत्ता त्याच डोमेनवरचा देऊ नका, नाहीतर कुलूप आणि किल्ली एकाच कपाटात.

प्रोटॉनबद्दल. ते स्वित्झर्लंडचं, २०१४ ला सर्न या अणुसंशोधन संस्थेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी सुरू केलं, मेल कुलूपबंद असतं हे खरं, त्यांनाही वाचता येत नाही. पण म्हणूनच पासवर्ड विसरलात आणि तो बारा शब्दांचा रिकव्हरी फ्रेज ठेवला नसेल तर पत्ता परत मिळेल पण जुनी पत्रं उघडणार नाहीत, कंपनीच्या हातातच नाहीये ते. वरच्या ताईंची गोष्ट तिथे घडली असती तर जालन्याच्या त्या गृहस्थांचाही उपयोग झाला नसता. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक हायकोर्टाने भारतात प्रोटॉन मेल ब्लॉक करायची पावलं उचला असं केंद्राला सांगितलं होतं, एका कंपनीतल्या बायकांना त्यावरून घाण मेल आले होते त्या केसमध्ये. सर्व्हिस वाईट नाही, मी स्वतः वापरतो, पण लेकीचा एकमेव पत्ता फक्त त्यांच्या नावावर ठेवायचा का हा विचार करा. स्वतःच्या डोमेनवर असेल तर अशी वेळ आली तरी दुसरीकडे नेता येईल.

पत्रांची एक प्रत बाहेर ठेवा, पेन ड्राइव्हवर नाही, ते काही वर्षांत दगा देऊ शकतात. कागद सगळ्यात चांगला, स्पायरल केलंत ते उत्तम केलंत.

जाता जाता, डॉट भारत हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं, मराठीतही, त्यावर देवनागरी ईमेल पत्ताही करता येतो. ज्ञ चा प्रश्नच मिटतो, स्पेलिंगच नाही. मला मनापासून आवडतं ते. पण आज बऱ्याचशा फॉर्मना असा पत्ता चालत नाही, त्यामुळे दुसरा पत्ता म्हणून ठेवा, पहिला म्हणून नको.

डब्लिनहून_मी:

आम्ही दोन वर्षांपूर्वी मुलाला घेऊन इकडे आलो, म्हणून एक छोटी गोष्ट. तेरा वर्षांचा नियम सगळ्या देशांत तेरा नसतो. आयर्लंडमध्ये सोळा आहे, जर्मनीतही सोळा, इंग्लंडात तेरा. आपल्याकडच्या २०२३ च्या डेटा कायद्यात तर अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूलच धरलंय, आई-वडिलांची संमती लागणार, आणि मुलांवर नजर ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. त्यामुळे तारीख खरी टाका या मताची मीही आहे, कारण कायदे जसे येतील तसं त्याचं संरक्षण खऱ्या तारखेवरच मिळणार, चाळीशीच्या बाईची तारीख असलेल्या अकाउंटला ते कसं मिळेल.

थांबा_जरा:

सगळ्यांचं वाचलं, मी वेगळं म्हणतो, राग मानू नका. पत्ता घेऊन ठेवा, पण वापरू नका. माझ्या पुतणीचा पत्ता तिच्या जन्मापासून घरच्यांनी सगळीकडे दिला, खेळण्यांच्या दुकानात बिल करताना, डायपरच्या अ‍ॅपवर, फोटो स्टुडिओत, वाढदिवसाच्या हॉलवर. ती आता नऊ वर्षांची आहे आणि तिच्या इनबॉक्समध्ये कर्जाच्या आणि रम्मीच्या जाहिराती येतात. ज्या मुलीला स्वतःच्या ईमेलमधून अजून एक ओळ लिहिता आलेली नाही तिचा पत्ता शंभर ठिकाणी पोचलाय.

खासगी म्हणजे हेच ना, की माहीत असणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. शाळा, डॉक्टर, क्लास, दुकान, सगळीकडे आईचा किंवा बाबाचा पत्ता द्या. जीमेलमध्ये नावापुढे अधिकचं चिन्ह टाकून शाळा असं लिहिलं तरी ते तुमच्याच इनबॉक्समध्ये येतं आणि कुणी पत्ता पुढे विकला ते कळतं, काही फॉर्म ते चिन्ह घेत नाहीत एवढंच. पोरीचा पत्ता पोरगी स्वतः देईपर्यंत कुणाला जाऊ नये. आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "आमच्या परीचा ईमेल" म्हणून आत्या-मामांना पाठवूही नका, तिथून तो कुठे जाईल सांगता येत नाही.

सांगावंसं_वाटलं:

दादांचं अगदी खरं आहे. आमच्या मुलाच्या पत्त्यावर ह्यांच्या पत्रांशिवाय एकही मेल नव्हतं. ते बघूनच मला कळलं होतं की ह्यांनी तो किती जपला होता.

कऱ्हाडची_लेक:

सगळ्यांचे किती आभार मानू. आठ दिवस लागले पण झालं, म्हणून सांगायला आले.

मी आणि नवरा दोघं एका रात्री बसलो. जालन्याची गोष्ट मी त्याला वाचून दाखवली, नंतर तारखेचा विषय त्याने काढलाच नाही. फॅमिली लिंकवर खऱ्या तारखेने तिचं नाव आणि माझं नाव असा जीमेल घेतला, डी-एन-वाय ने, दाखल्यावर आहे तसा. रिकव्हरीला दोघांचे नंबर. डोमेनही घेतलं, आडनावाचं गेलेलं होतं, मग आमच्या गावाचं नाव आणि आडनाव जोडून डॉट इन, दहा वर्षांचे पैसे सासऱ्यांनी भरले, म्हणाले नातीला माझ्याकडून. त्यावर मेल झोहोवर ठेवलंय म्हणून ते फार खूश आहेत, आणि पाडव्याला तारीख बघायची जबाबदारी त्यांनीच घेतलीय, पंचांगाच्या मागच्या पानावर लिहूनही ठेवलं. भावाला म्हटलं तू पुढे तिला प्रोटॉन शिकव.

पासवर्ड कागदावर लिहून लसीकरणाच्या कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलाय, ते पाकीट आमच्या घरात कधी हरवत नाही. आईला, आत्याला, कुणालाच पत्ता दिलेला नाही. आत्या थोडी रुसली, तिला म्हटलं तू कागदावर लिहून दे, मी फोटो काढून पाठवते, तर तिने खरंच दोन पानं लिहून आणली, बारशाच्या दिवशी हे नाव कसं सुचलं ते सगळं. तेच पहिलं पत्र म्हणून काल गेलं.

एक विचारायचं राहिलं, लिहिताना तारीख वर घालायची का? मेलला आपोआप असतेच ना?

सांगावंसं_वाटलं:

घाला. प्रिंट काढताना वरची ओळ कापली जाते कधी कधी. आणि त्या दिवशी ती कितीची होती तेही लिहा, पाच महिने अकरा दिवस असं. ह्यांनी प्रत्येक पत्रावर लिहिलं होतं, माझा मुलगा आधी तेच वाचतो.